बुधवारचे बारा

सुईण डो ट्विन मे गेली, आणि महिन्याभराने
तिच्या मुलाने तिचं मनगटी घड्याळ आणून दिलं माझ्या दुकानात,
मोलम्याइनच्या खालच्या बाजारात, सुकटवालीच्या शेजारी.
"चालू कर. आठवण म्हणून ठेवीन."

झाकण उघडलं. आत टाल्कम पावडर, मिठाचा पांढरा थर,
आणि केसाएवढ्या कमानीची दोन वेटोळी
तेलाने एकमेकींना चिकटलेली.
अशी कमान आखडते, आणि घड्याळ पळत सुटतं.

उगाच वडिलांची वही काढली मी.
ते प्रत्येक दुखणं लिहून ठेवत, पैसे मिळोत न मिळोत.
चौतीस वर्षांपूर्वीचं पान, वाळवीने कडा खाल्लेलं:
"गुरुवार. सुईण. सकाळी रेडिओला लावते,
दुपारपर्यंत वीस मिनिटं पुढे.
दुरुस्ती महाग वाटली. तशीच घेऊन गेली."

गुरुवार.
म्हणजे त्याच्या आदल्या दिवशी बुधवार.

आमच्याकडे बुधवार मधोमध चिरलेला असतो.
बाराच्या आधी जन्मलात तर बुध तुमचा,
सुळेवाला हत्ती, दक्षिणेचा कोपरा, गोड जीभ.
बारानंतर राहू. बिनसुळ्यांचा हत्ती, वायव्य दिशा,
आणि लोक तुमच्या रागाची वाट बघत बसतात
जशी दूध उतू जायची बघतात.

त्या बुधवारी जुळ्या झाल्या.
पहिली, सुईणीच्या घड्याळात, अकरा पन्नासला.
दुसरी बारा वाजून आठ मिनिटांनी.
पहिलीचं नाव ल्विन, दुसरीचं यमीं:
अक्षरंही वारांप्रमाणेच वाटलेली.
ताडपत्रावर दोघींचे दोन स्वभाव कोरले गेले
डोळे उघडायच्या आत.

ल्विनने बशी फोडली की बशी निसटली.
यमींने फोडली की राहू.

माझी आई मागणी घालायला गेली
तेव्हा तिने बोट दाखवून सकाळच विचारली.
ल्विन माझी बायको आहे. बावीस वर्षांत
तिचा आवाज चुलीच्या वर चढलेला मी ऐकला नाही.
यमीं नदीवर फेरीबोटींची डिझेल इंजिनं उघडते,
खलाशांना अशा शिव्या घालते की पाणकावळे उडतात.

दोघींचं सारखंच नाक.
वीस मिनिटं वजा करा. दोघी सकाळच्याच.

मी यमींला सांगितलं. धक्क्यावर, पाना हातात असताना.
ती आधी हसली, मग हसायची थांबली.
"मग मी चौतीस वर्षं ज्याच्या डोक्यावर पाणी ओतलं
त्या राहूने ते पाणी कुणाच्या नावावर मांडलं रे?
आणि सरकारी बारा म्हणजे तरी कुणाचे बारा?
सूर्याने कधी घातलंय घड्याळ?"
पुन्हा इंजिनात वाकली. आतून म्हणाली,
"माझं तू काही दुरुस्त करू नकोस."

ते बरोबर. पण मला झोप लागेना
ती यमींमुळे नाही.
शेजारी माझी शांत बायको शांत झोपलेली,
आणि मी मोजत होतो, या शांततेतली
तिची किती, आणि तिला सांगितलेली किती.
ग्रह इतक्या लांबून काय करतात मला माहीत नाही.
आम्ही जवळून काय केलं, ते वहीत आहे.

तिला बहिणीकडूनच कळलं असणार.
काही बोलली नाही. फक्त परवा बुधवारी
टेकडीवरच्या पगोड्यात पितळी वाटी भरून घेतली,
दक्षिणेच्या खांबापाशी क्षणभर उभी राहिली,
नातलगाच्या दारावरून न थांबता जावं
तशी पुढे गेली,
आणि वायव्येला, बिनसुळ्यांच्या हत्तीच्या डोक्यावर
सगळी वाटी एकदम उपडी केली.
पाणी माझ्या पायांवर उडालं.

"हं," म्हणाली, मोठ्याने.

किती वाजले होते, मला विचारू नका.
घड्याळ खिशात होतं, कमान अजून चिकटलेली.